शर्यतीचे विमान आणि लढाऊ विमान: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात श्नायडर करंडकाविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. जलविमानांच्या या आंतरराष्ट्रीय शर्यतीत ब्रिटनने १९२७, १९२९ आणि १९३१ असे लागोपाठ तीन विजय मिळवून करंडक कायमचा आपल्याकडे कसा ठेवला, एवढेच त्यात सांगितले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेक पत्रलेखकांना मुळात एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे: ब्रिटनची नावाजलेली लढाऊ विमाने शर्यतींमधून जन्माला आली, हे म्हणणे कितपत खरे आहे?

प्रश्न: स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमान म्हणजे फ्लोट (पाण्यावर तरंगवणारे नावेसारखे पोकळ भाग) काढून चाके बसवलेले एस.६बी, म्हणजे १९३१ चा करंडक जिंकणारे जलविमान, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर: हे विधान ऐकायला आकर्षक असले तरी बरोबर नाही, आणि त्यामुळे स्पिटफायरच्या रचनाकारावर अन्यायही होतो. दोन्ही विमाने सुपरमरीन कंपनीची आणि दोन्ही रेजिनाल्ड मिचेल यांच्या हाताखाली तयार झालेली, म्हणून ही समजूत पसरली असावी. प्रत्यक्षात त्या दोघांमध्ये क्वचितच एखादा समान भाग सापडेल. एस.६बीचे पातळ पंख तारांनी ताणून धरलेले होते. स्पिटफायरच्या लंबवर्तुळाकार पंखाला बाहेरून एकाही तारेचा आधार नव्हता. गंमत अशी की मिचेल यांनी १९२५ सालीच एस.४ या शर्यतीच्या विमानाला बिनतारांचा पंख दिला होता. ते विमान बाल्टिमोर येथे शर्यतीपूर्वी पाण्यात कोसळले. वैमानिक हेन्री बियार्ड वाचले, पण अपघातामागे पंखांचे कंपन असावे असा संशय राहिला. त्यानंतरच्या एस.५, एस.६ आणि एस.६बी या तिन्ही विमानांवर मिचेल यांनी तारा पुन्हा आणल्या. म्हणजे पंखापुरते पाहिले, तर करंडक जिंकणारी विमाने स्पिटफायरच्या दिशेने एक पाऊल पुढे नव्हती, उलट मागेच होती.

त्याहून बोलका पुरावा म्हणजे एस.६बीनंतर मिचेल यांनी केलेले पहिले लढाऊ विमान. हवाई मंत्रालयाच्या मागणीनुसार बनवलेले टाइप २२४ हे विमान फेब्रुवारी १९३४ मध्ये उडाले. वाकडे पंख, न मिटणारी जाड चाके आणि वाफेच्या रूपाने उष्णता बाहेर टाकणारे गोशॉक इंजिन, अशी त्याची रचना होती. त्याचा कमाल वेग ताशी ३६७ किलोमीटरच्या आसपास थांबला आणि मंत्रालयाची ती मागणी अखेर ग्लॉस्टर ग्लॅडिएटर या दुपंखी विमानाने पूर्ण केली. शर्यतीतले ज्ञान जसेच्या तसे लढाऊ विमानात उतरत असते, तर जगातले सर्वांत वेगवान विमान बनवणाऱ्या माणसाकडून तीन वर्षांनी असे विमान तयार झाले नसते.

विशेषतः इंजिन थंड करण्याच्या पद्धतीचा विचार करण्यासारखा आहे. एस.६बीचे इंजिन इतकी उष्णता निर्माण करीत असे की नेहमीचा रेडिएटर बसवला असता, तर हवेच्या अडथळ्याने सारा वेग खाऊन टाकला असता. म्हणून पंखांना दुहेरी पत्रा लावून त्यांच्या मधून पाणी फिरवले होते, फ्लोटचा वरचा पृष्ठभागही त्याच कामाला लावला होता, आणि तेल विमानाच्या कुशीवरील उथळ नळ्यांतून शेपटीच्या उभ्या पात्यापर्यंत जाऊन थंड होऊन परतत असे. शर्यतीपुरती ही रचना अप्रतिम होती. लढाईत मात्र पंखाला लागलेल्या एका गोळीने सारे पाणी गळून गेले असते. टाइप २२४ मधील वाफेची पद्धत हा याच विचाराचा पुढचा टप्पा होता आणि तोही फसला. स्पिटफायरमध्ये मिचेल यांनी तो हट्ट सोडला आणि पंखाखाली छोटे रेडिएटर ठेवले. फार्नबरोच्या शाही विमान संशोधन संस्थेतील एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी दाखवून दिले होते की, योग्य आकाराच्या बोगद्यातून हवा आत घेतली, रेडिएटरमध्ये ती तापली आणि मागून वेगाने बाहेर पडली, तर रेडिएटरचा अडथळा बऱ्याच अंशी भरून निघतो. स्पिटफायरने वापरली ती ही युक्ती.

मग शर्यतीने दिले काय? माझ्या मते सर्वांत मोठे देणे इंजिनाच्या बाजूचे आहे. रोल्स-रॉइसचे ‘आर’ इंजिन हे कंपनीच्याच बझर्ड इंजिनापासून तयार केलेले ३६.७ लिटरचे बारा सिलिंडरचे यंत्र होते. १९२९ मध्ये त्याने सुमारे १,९०० अश्वशक्ती दिली आणि १९३१ मध्ये २,३५०. दर अश्वशक्तीमागे अर्धा किलोदेखील वजन नसलेले हे इंजिन त्या काळी अचाट होते. हे साध्य करण्याची पद्धत सरळ आणि निर्दय होती: चाचणीच्या बाकावर इंजिन पूर्ण ताकदीने तुटेपर्यंत चालवायचे, जो भाग तुटला तो सुधारायचा आणि पुन्हा चालवायचे. इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारा सुपरचार्जर कसा आखावा, झडपा कशा थंड ठेवाव्यात, बेअरिंगवर किती भार टाकता येतो आणि इंधनात काय मिसळले असता स्फोटाचे ठोके टळतात, हे सारे या चाचण्यांतून कळले. इंधनाचे मिश्रण रॉड बँक्स या तज्ज्ञाने बसवले होते. त्यात बेंझॉल आणि शिशाचे संयुग होते, तर वेगाच्या विक्रमासाठी मिथेनॉलचा वापर वाढवला होता.

स्पिटफायरचे मर्लिन इंजिन मात्र ‘आर’ची लहान आवृत्ती नव्हते. ते २७ लिटरचे, कंपनीने स्वतःच्या खर्चाने सुरू केलेले वेगळे इंजिन होते आणि ऑक्टोबर १९३३ मध्ये ते प्रथम चालले. ‘आर’कडून त्याला सुटे भाग मिळाले नाहीत, अधिक दाब आणि अधिक चांगले इंधन देऊन तेच इंजिन कसे वाढवत न्यायचे, हे जाणणारी माणसे मिळाली. १९४० मध्ये १०० ऑक्टेनचे, म्हणजे जास्त दाबातही ठोके न देणारे इंधन मिळताच मर्लिनचा दाब वाढवता आला, यामागे या अनुभवाची परंपरा आहे. ‘आर’चे माप प्रत्यक्ष पाहायचे असेल तर ग्रिफन इंजिनाकडे पाहावे. ते नेमके ३६.७ लिटरचे आहे, आणि युद्धाच्या उत्तरार्धातील स्पिटफायरच्या काही आवृत्त्यांना तेच बसवलेले होते.

आणखी एक तुलना येथे नोंदवतो, कारण ती मला नेहमी महत्त्वाची वाटत आली आहे. २९ सप्टेंबर १९३१ रोजी एस.६बीने समुद्रसपाटीजवळ ताशी ६५६ किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हा इंजिन अडीच हजारांहून अधिक अश्वशक्ती देत होते. स्पिटफायरचा पहिला नमुना, के५०५४, हा ५ मार्च १९३६ रोजी ईस्टली येथे प्रथम उडाला. सुमारे हजार अश्वशक्तीवर त्याने पुढे ताशी ५६२ किलोमीटर वेग गाठला. शक्ती निम्म्याहून कमी झाली, पण वेग सातव्या भागाइतकाच उतरला. उंचावरील विरळ हवा, गायब झालेले फ्लोट आणि पंखात मिटणारी चाके यांचा त्यात वाटा आहेच. तरीही कमी शक्तीत वेग मिळवणे हे शर्यतीपेक्षा कठीण काम आहे, आणि आठ मशीनगन सामावूनही पातळ राहणारा तो पंख हे त्या कामाचे फळ आहे. पंखाच्या आखणीत बेव्हर्ली शेनस्टोन या तरुण वायुगतितज्ज्ञाचा मोठा हात होता. त्यांचे नाव मिचेल यांच्याइतके घेतले जात नाही, याची खंत वाटते. मिचेल ११ जून १९३७ रोजी वयाच्या ४२ व्या वर्षी कर्करोगाने गेले. पथकांत दाखल झालेले स्पिटफायर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

प्रश्न: सर्वाधिक वेग हवा असताना जड फ्लोट लावलेली जलविमाने का वापरत? चाकांची विमाने अधिक वेगाने गेली नसती का?

उत्तर: करंडक देणारे फ्रेंच उद्योजक जॅक श्नायडर यांना समुद्री विमानवाहतूक वाढवायची होती, म्हणून शर्यतच जलविमानांची ठेवली गेली, हे पहिले कारण. पण त्या काळी जलविमान खरोखरच वेगवान ठरण्यामागे तांत्रिक कारणही होते. प्रोपेलरच्या पात्यांचा कोन तेव्हा उड्डाणात बदलता येत नसे. कमाल वेगासाठी पात्यांना मोठा कोन दिला, की उड्डाणाच्या सुरुवातीला प्रोपेलर हवा नीट पकडत नाही आणि विमानाला फार लांब धावावे लागते. शिवाय वेगासाठी पंख लहान ठेवले, तर विमान उतरतानाही वेगातच उतरते. एवढी लांब धावपट्टी कुठेही नव्हती. समुद्र मात्र हवा तितका लांब मिळत असे. १९३० च्या दशकात कोन बदलणारे प्रोपेलर आणि कमी वेगात उतरणे शक्य करणारे पंखांचे फ्लॅप (मागच्या कडेची हलती पाती) आले, तशी जलविमानांची ही सरशी संपली. मात्र इटलीच्या मक्की एम.सी.७२ ने ऑक्टोबर १९३४ मध्ये केलेला ताशी ७०९ किलोमीटरचा विक्रम पिस्टन इंजिनाच्या जलविमानांपुरता आजही अबाधित आहे.

एस.६ विमानांच्या फ्लोटमध्ये इंधन भरले जाई आणि उजव्या फ्लोटमध्ये ते मुद्दाम अधिक असे. प्रचंड शक्तीच्या प्रोपेलरची उलटी पिळवटणारी ओढ डावा फ्लोट पाण्यात दाबत असे, आणि उजवीकडचे वजन तिला तोलून धरत असे. उड्डाणाचे ते काही क्षण सर्वांत धोक्याचे होते. ऑगस्ट १९३१ मध्ये सरावाच्या वेळी नौदलाचे लेफ्टनंट ब्रिंटन हे एस.६ए घेऊन पाण्यावरून उठताना मृत्युमुखी पडले. त्यापूर्वी मार्च १९२८ मध्ये किंकेड हे एस.५ मधून विक्रमाचा प्रयत्न करताना गेले होते. या शर्यतीचा गौरव करताना ही दोन नावे विसरली जाऊ नयेत.

प्रश्न: १९३१ च्या विजयासाठी एका महिलेने पैसे दिले, असे ऐकले. सरकारने का दिले नाहीत?

उत्तर: आर्थिक मंदीच्या काळात रॅम्से मॅक्डोनाल्ड यांच्या मजूर सरकारने शर्यतीवर सार्वजनिक पैसा खर्च करण्यास नकार दिला. तेव्हा लेडी लूसी ह्यूस्टन या धनाढ्य विधवेने १,००,००० पौंड देऊ केले. या मदतीमागे निखळ विमानप्रेम नव्हते. त्या सरकारच्या कट्टर विरोधक होत्या आणि ही देणगी सरकारला दिलेली चपराकही होती. पैसा उशिरा आल्याने नवे विमान आखायला वेळच उरला नाही, म्हणून एस.६ चीच सुधारित आवृत्ती, म्हणजे एस.६बी, तयार झाली. इटली आणि फ्रान्स वेळेत तयार होऊ शकले नाहीत. १३ सप्टेंबर १९३१ रोजी जॉन बूथमन यांनी ५० किलोमीटरच्या सात फेऱ्या एकट्याने पूर्ण केल्या आणि सरासरी ताशी ५४७ किलोमीटर वेग नोंदवला. प्रतिस्पर्धी नसलेली ही शर्यत होती, हे खरेच. पण दोन वर्षांपूर्वी वॅगहॉर्न यांनी इटलीच्या संघाविरुद्ध ताशी ५२९ किलोमीटर वेगाने जिंकलेली शर्यत एस.६ ची खरी कसोटी होती.

लेडी ह्यूस्टन नसत्या तर स्पिटफायर झाले नसते, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. १९२९ च्या ‘आर’ इंजिनानेच मुख्य धडे दिले होते आणि १९३१ च्या कार्यक्रमाने ते आणखी ताणून पाहिले. देणगीचे मोल मोठेच, पण तिच्यावर एवढा भार टाकू नये.

प्रश्न: हॉकर कंपनीच्या हरिकेन या लढाऊ विमानाचे काय? ब्रिटनच्या लढाईत, म्हणजे १९४० मधील जर्मन हवाई हल्ल्यांविरुद्धच्या लढाईत, स्पिटफायरपेक्षा हरिकेनच अधिक होती ना?

उत्तर: होय, आणि शर्यतीच्या महत्त्वाला मर्यादा घालणारा हा योग्य प्रश्न आहे. सिडनी कॅम यांचे हरिकेन ६ नोव्हेंबर १९३५ रोजी ब्रुकलँड्सवर प्रथम उडाले. त्याची वंशावळ हॉकर फ्युरीसारख्या दुपंखी लढाऊ विमानांची आहे. नळ्यांचा सांगाडा आणि मागच्या भागावर कापड, अशी त्याची घडण होती. म्हणून ते लवकर आणि मोठ्या संख्येने बनले आणि तुटले तर पटकन दुरुस्तही झाले. शर्यतीशी त्याचा संबंध मर्लिन इंजिनापुरताच आहे. तो संबंध मात्र निर्णायक होता.

प्रश्न: जलविमानांखेरीज दुसऱ्या कुठल्या शर्यतीच्या विमानाचा लढाऊ विमानांवर प्रभाव पडला का?

उत्तर: पडला, आणि माझ्या दृष्टीने तो अधिक थेट आहे. १९३४ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या शताब्दीनिमित्त इंग्लंडमधील मिल्डनहॉलपासून मेलबर्नपर्यंत शर्यत जाहीर झाली. डी हॅविलँड कंपनीने केवळ या शर्यतीसाठी डीएच.८८ कॉमेट हे दोन इंजिनांचे, दोन वैमानिकांचे लाकडी विमान बनवले. दर विमानाला ५,००० पौंड अशी तोट्याची किंमत ठेवून तीन विमानांची मागणी घेतली. पहिले कॉमेट शर्यतीच्या अवघे सहा आठवडे आधी उडाले. २० ऑक्टोबर रोजी शर्यत सुरू झाली आणि ‘ग्रोव्हनर हाउस’ नावाच्या लाल कॉमेटमधून स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक ७१ तासांत मेलबर्नला पोचले. काळे कॉमेट घेऊन निघालेले जिम आणि एमी मॉलिसन हे जोडपे कराचीपर्यंत विक्रमी वेगाने आले होते. पण वाटेत जबलपूरला घ्यावे लागलेले हलक्या प्रतीचे इंधन इंजिनांना मानवले नाही आणि अलाहाबादला त्यांची शर्यत संपली.

या शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर आले ते केएलएम कंपनीचे डग्लस डीसी-२, आणि तेही प्रवासी आणि टपाल घेऊन. विजयाच्या जल्लोषात ब्रिटनमध्ये या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेले नाही. खास शर्यतीसाठी बनवलेल्या विमानाच्या पाठोपाठ धातूचे साधे प्रवासी विमान येते, याचा अर्थ प्रवासी वाहतुकीत अमेरिका बरीच पुढे गेली होती.

कॉमेटपासून डी हॅविलँडने मात्र स्वतःचा धडा घेतला: लाकूडही योग्य रीतीने वापरले, तर गुळगुळीत, हलके आणि वेगवान विमान बनते. त्यांनी अल्बाट्रॉस या प्रवासी विमानात प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड भरण्याची पद्धत वापरली आणि तीच पुढे मॉस्किटो या युद्धकाळातील लाकडी बॉम्बफेकी विमानात आणली. मॉस्किटोचे धड शेंगेच्या दोन फोलांसारखे उभे दुभागून साच्यांवर बनवत. दोन्ही अर्ध्या भागांत तारा आणि नळ्या बसवून मगच ते चिकटवत. लाकूडकामाचे कारखाने या कामाला लागल्यामुळे ॲल्युमिनियमची टंचाई आड आली नाही. सुरुवातीचा केसीनचा गोंद दमट हवेत कमजोर पडे, म्हणून पुढे कृत्रिम राळेचा गोंद आला.

बचावाच्या तोफाच न ठेवता केवळ वेगावर विसंबणारे बॉम्बफेकी विमान ही कल्पना हवाई मंत्रालयातील अनेकांना वेडगळ वाटली होती. एअर मार्शल विल्फ्रिड फ्रीमन यांनी ती उचलून धरली आणि मार्च १९४० मध्ये ५० विमानांची मागणी नोंदवली. २५ नोव्हेंबर १९४० रोजी दोन मर्लिन इंजिनांचा पहिला नमुना हॅटफील्ड येथे उडाला. दोन इंजिने, दोन माणसे, गुळगुळीत लाकडी अंग आणि अनावश्यक वजनाला नकार: हा शर्यतीच्या कॉमेटचाच विचार आहे. स्पिटफायरविषयी जो दावा सरसकट केला जातो, तो मॉस्किटोविषयी केला तर मी त्याला फारसा आक्षेप घेणार नाही.

प्रश्न: शर्यतीचे विमान थेट युद्धात वापरल्याचे उदाहरण आहे का?

उत्तर: फार जुने उदाहरण आहे. एप्रिल १९१४ मध्ये मोनॅकोला हॉवर्ड पिक्स्टन यांनी सॉपविथ टॅब्लॉइडच्या जलविमान आवृत्तीतून श्नायडर करंडक जिंकला, सरासरी ताशी १४० किलोमीटर वेगाने. त्याच वर्षी ८ ऑक्टोबर रोजी नौदलाच्या हवाई शाखेचे रेजिनाल्ड मॅरिक्स यांनी चाकांच्या टॅब्लॉइडमधून जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे हवाई जहाजाच्या शेडवर बॉम्ब टाकून आतले झेपेलिन (जर्मन हवाई जहाज) नष्ट केले. विजयी जलविमानाची ‘श्नायडर’ याच नावाची आवृत्तीही नौदलाने मागवली.

माणसांची वाटचालही अशीच दिसते. ॲलेक्स हेनशॉ यांनी १९३८ साली पर्सिव्हल म्यू गल या चिमुकल्या विमानातून किंग्ज कप शर्यत ताशी ३८० किलोमीटर वेगाने जिंकली. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्याच विमानाने ते ग्रेव्हसेंडहून केप टाउनला जाऊन चार दिवस साडेदहा तासांच्या आत परत आले. युद्धकाळात ते कॅसल ब्रॉमविच कारखान्याचे मुख्य चाचणी वैमानिक झाले आणि दोन हजारांहून अधिक स्पिटफायर विमानांची त्यांनी उड्डाण करून पारख केली.

प्रश्न: ही विमाने आज पाहायला मिळतात का?

उत्तर: विक्रम करणारे एस.६बी, क्रमांक एस१५९५, आणि खुद्द श्नायडर करंडक लंडनच्या विज्ञान संग्रहालयाकडे आहेत. एस.६ए, क्रमांक एन२४८, साउदॅम्प्टनच्या सोलेंट स्काय संग्रहालयात आहे. मॉस्किटोचा पहिला नमुना, डब्ल्यू४०५०, लंडन कोलनीजवळील डी हॅविलँड संग्रहालयाने जपला आहे. ज्या सॅलिसबरी हॉलमध्ये त्याची आखणी झाली, त्याच आवारात तो उभा आहे. ‘ग्रोव्हनर हाउस’ कॉमेट बेडफर्डशरमधील ओल्ड वॉर्डन येथे शटलवर्थ संग्रहात आहे. एकाच ठिकाणी जाणे शक्य असेल, तर मी विज्ञान संग्रहालय सुचवीन. एस.६बीच्या पंखांचा पत्रा आणि कुशीवरून शेपटीकडे जाणाऱ्या तेलाच्या नळ्या जवळून पाहिल्या, म्हणजे हे विमान शर्यतीसाठी किती योग्य आणि लढाईसाठी किती अयोग्य होते, ते दोन्ही एकदमच समजते.